कोविड किटवरची लाल रेघ आणि लोहाराच्या पोरानं भरून ठेवलेल्या बाटल्या

कोविडच्या काळात घरोघरी एकच दृश्य होतं. किटवर थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं डोळे लावून बसायचं. रेघ एक की दोन?

त्यातल्या अनेक किटमधली ती लालसर रेघ शाईची नव्हती, सोन्याची होती. खरंखुरं सोनं, पण इतक्या बारीक कणांचं की त्याचा पिवळा रंगच नाहीसा झालेला. सोनं घालून लाल काच बनवणारे कारागीर युरोपात शेकडो वर्षं होते. पण हा लाल रंग येतो कुठून, याचा प्रयोगशाळेत नीट छडा लावायला बसला तो मायकल फॅरेडे. हो, शाळेच्या पुस्तकातला, डायनामोवाला फॅरेडे.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, तब्येतीनं खचलेले, घरात पैशाची कायम ओढाताण. शाळा झाली ती लिहिण्यावाचण्यापुरती आणि थोड्या आकडेमोडीपुरती. चौदाव्या वर्षी मायकल एका पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. सात वर्षं तो पुस्तकं शिवत होता आणि शिवता शिवता वाचतही होता.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा स्टार रसायनशास्त्रज्ञ. मायकलनं व्याख्यानांच्या नोंदी काढल्या, सुबक बांधल्या आणि थेट डेव्हीलाच पाठवून दिल्या. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि ती त्याला मिळाली.

पण रस्ता सोपा नव्हता. त्याच वर्षी डेव्ही त्याला युरोपच्या दौऱ्यावर घेऊन गेला. डेव्हीच्या खासगी नोकरानं यायला नकार दिला होता, म्हणून ती कामंही फॅरेडेच्या गळ्यात पडली. डेव्हीची बायको त्याला नोकरासारखंच वागवायची. सगळं सोडून परत जावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पुढे १८२४ मध्ये रॉयल सोसायटीत त्याची निवड होताना विरोध केला तो खुद्द डेव्हीनं. तरीही तो निवडून आला.

१८३१ मध्ये त्यानं चुंबकाच्या मदतीनं वीज निर्माण करून दाखवली. १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हेही दाखवलं. मधल्या काळात तब्येतीनं दगा दिला. चक्कर यायची, विसरायला व्हायचं. स्मरणशक्तीचा हा त्रास पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला. म्हणूनच प्रत्येक प्रयोग क्रमांक टाकून वहीत उतरवणं ही त्याची गरजच होती.

अशा अवस्थेत, १८५६ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी त्यानं सोनं हातात घेतलं. प्रकाशाच्या लहरीपेक्षाही खूप लहान असा धातूचा तुकडा प्रकाशाचं काय करतो, हे त्याला बघायचं होतं. सोन्याचे अतिपातळ पापुद्रे तयार करताना, ते धुतलेल्या पाण्याला फिकट लाल झाक आल्याचं त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणी ते पाणी ओतून दिलं असतं. फॅरेडेनं ते जपून ठेवलं.

मग सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून त्यानं मुद्दाम तसंच माणकासारखं लाल पाणी बनवलं. सूक्ष्मदर्शकातून कण दिसेनात. त्यानं भिंगातून प्रकाशाचा झोत पाण्यात सोडला, तर झोताची वाट उजळून दिसली. म्हणजे सोनं विरघळलं नव्हतं, कणरूपात तरंगत होतं. त्यात थोडं मीठ टाकलं की लाल पाणी निळं व्हायचं. सोनं तेच, फक्त कणांचा आकार बदलला की रंग बदलतो, असा निष्कर्ष त्यानं काढला. फेब्रुवारी १८५७ मध्ये हे सगळं त्यानं रॉयल सोसायटीपुढे मांडलं. हे काम अपुरं आहे, पण पुढच्या संशोधकांचे कष्ट वाचवेल, अशी प्रामाणिक कबुलीही दिली.

नेमकं कारण त्याला सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश पडला की एका तालात हेलकावे घेतात. कण काही नॅनोमीटरचा असेल तर या हेलकाव्यात मुख्यतः हिरवा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला लाल दिसतं. मिठामुळे कण एकमेकांना चिकटले की हा ताल बदलतो आणि निळा रंग येतो. या हेलकाव्यांना आज प्लाझ्मॉन म्हणतात. त्यांचं गणित गुस्ताव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये मांडलं.

आजचे अनेक सेन्सर याच गोष्टीवर चालतात. किटमध्ये सोन्याच्या कणांवर अँटिबॉडी बसवलेल्या असतात. विषाणूचं प्रथिन सापडलं की ते कण रेघेवर अडकून गोळा होतात आणि लाल दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या चाचण्यांत, शोधत असलेला डीएनए मिळाला की कण जवळ येतात आणि लालचा निळा होतो. फॅरेडेच्या मिठाचं काम तिथं डीएनए करतो.

फॅरेडेनं सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला. त्यानं भरून ठेवलेल्या सोन्याच्या पाण्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्यांच्यातला लाल रंग टिकून आहे.