तोफा कमी पडल्या, म्हणून जहाजच अंगावर घातलं : कोण होता ॲडमिरल टेगेटहॉफ?

२० जुलै १८६६. एड्रियाटिक समुद्रातलं लिसा बेट, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं विस. ते घ्यायला इटलीचं आरमार आलं होतं. वाचवायला निघाला होता ऑस्ट्रियाचा ३८ वर्षांचा रिअर ॲडमिरल, विल्हेल्म फॉन टेगेटहॉफ.

इटलीकडे १२ चिलखती जहाजं, त्याच्याकडे ७. लोखंडी चिलखत चढवलेल्या जहाजांचे दोन ताफे खुल्या समुद्रात पहिल्यांदाच भिडणार होते.

टेगेटहॉफचा जन्म १८२७ चा, मारबुर्गचा. हे गाव आज स्लोव्हेनियात आहे, मारिबोर नावाने. वडील लष्करात अधिकारी, पण पोरगा गेला व्हेनिसच्या नौदल शाळेत. तेव्हा व्हेनिस ऑस्ट्रियाचं होतं. ऑस्ट्रियात सगळा मान लष्कराला, आरमाराला कुणी फारसं विचारत नसे. सम्राटाचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन आरमाराचा प्रमुख झाला आणि चित्र बदललं. टेगेटहॉफ त्याच्याच हाताखाली वर आला.

१८६६ मध्ये प्रशिया आणि इटली मिळून ऑस्ट्रियावर चालून आले. आता गंमत बघा. टेगेटहॉफच्या नव्या जहाजांसाठीच्या तोफा क्रुप कंपनीकडून यायच्या होत्या आणि क्रुप होती प्रशियाची! तोफा आल्याच नाहीत. जुन्या तोफांनी चिलखत फुटणं अवघड होतं. मग त्याने ठरवलं, जवळ जायचं आणि जहाजानेच धडक द्यायची.

त्याने ताफा बाणाच्या टोकासारखा लावला आणि थेट इटलीच्या रांगेत घुसवला. इटलीचा ॲडमिरल पेर्सानो ऐनवेळी दुसऱ्या जहाजावर गेला होता. त्याच्या अनेक कप्तानांना याचा पत्ताच नव्हता. गोंधळात ‘रे दि'तालिया’चं सुकाणू निकामी झालं आणि टेगेटहॉफचं जहाज तिच्या कुशीत घुसलं. काही मिनिटांत ती बुडाली, सोबत सुमारे ४०० माणसं. ‘पालेस्त्रो’ हे दुसरं जहाज पेटून फुटलं. ऑस्ट्रियाची ३८ माणसं गेली, जहाज एकही नाही.

पण या विजयाने मिळालं काय? ऑस्ट्रियाचं लष्कर १७ दिवस आधीच प्रशियाकडून क्योनिगग्रेत्झला हरलं होतं. युद्धाचा निकाल तिथेच लागला. टेगेटहॉफ ज्या शहरात शिकला ते व्हेनिसही इटलीला गेलं.

पुढचं काम त्याहून जड होतं. मॅक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट व्हायला गेला होता. जून १८६७ मध्ये तिथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मृतदेह परत आणायला टेगेटहॉफलाच पाठवलं. ज्या ‘नोव्हारा’ने मॅक्सिमिलियनला मेक्सिकोला नेलं, तिनेच त्याचा मृतदेह परत आणला. आणि लिसाला ज्या जहाजाने धडक दिली, त्याचं नाव होतं ‘एर्झहेर्झोग फर्डिनांड माक्स’, म्हणजे मॅक्सिमिलियनचंच!

१८६८ मध्ये टेगेटहॉफ आरमाराचा प्रमुख झाला. तीन वर्षांत न्यूमोनियाने गेला. वय फक्त ४३.

लिसाचा धडा मात्र जगाने चुकीचा घेतला. पुढची कित्येक वर्षं देशोदेशीच्या युद्धनौकांना धडक द्यायचं लोखंडी टोक बसवत राहिले. युद्धात ते क्वचितच कामी आलं. उलट १८९३ मध्ये सरावात ब्रिटनच्या ‘कॅम्परडाऊन’चं टोक आपल्याच ‘व्हिक्टोरिया’त घुसलं आणि ३५८ जण बुडाले. टेगेटहॉफने नाइलाजाने केलेला उपाय बाकीच्यांनी नियम म्हणून उचलला होता.