आखडलेली बोटं सरळ करणारा सर्जन मांडव्याला गेला आणि गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागला

गेटवेवरून लाँच सुटली की सीगल मागे लागतात. लोक त्यांचे व्हिडिओ काढत बसतात आणि तासाभरात मांडवा येतं. २०२० पासून तर रो-रो बोटीत गाडीही घालता येते. पुढे सासवणे, आवास, किहीम, अलिबाग. मांडवा म्हटलं की आता बंगले, जागेचे भाव आणि वीकेंड एवढंच डोळ्यांसमोर येतं.

पण पन्नासेक वर्षांपूर्वी याच पट्ट्यात एक प्रयोग झाला होता. मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमधला एक नामांकित प्लास्टिक सर्जन समुद्र ओलांडून इथे आला आणि जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागला.

त्यांचं नाव डॉ. नोशीर होरमसजी अंतिया.

आता प्लास्टिक सर्जन म्हटलं की लोकांना सिनेमातल्या हिरोइनचं नाक आठवतं. अंतियांचे पेशंट वेगळे होते. कुणाच्या हाताची बोटं आखडलेली, कुणाचा पाय घोट्यातून लुळा पडलेला, कुणाचा डोळा मिटतच नाही. बहुतेक जण कुष्ठरोगातून उठलेले.

आज खांदा, गुडघा, लिगामेंट, टेंडन यांच्या दुखापतीवर पीआरपी आणि स्टेम सेलच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. पीआरपी म्हणजे पेशंटचंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा दाट भाग काढायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. शरीराने स्वतःच स्वतःची दुरुस्ती करावी, ही त्यामागची आशा. काही दुखण्यांत थोडा फायदा दिसतो, काहींत पुरावा कच्चाच आहे. अंतियांच्या पेशंटसाठी मात्र असं काहीच नव्हतं. त्यांच्या हातातली नस मेलेली होती आणि ती परत जिवंत होणार नव्हती.

मग तो हात चालायला लागला कसा? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अंतियांचा जन्म १९२२ सालचा, हुबळीचा. पारशी घर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, पुढे इंग्लंडला जाऊन एफआरसीएस केलं आणि तिथे सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकायला मिळालं. गिलीज म्हणजे आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनकच. पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी फाटलेले सैनिकांचे चेहरे त्यांनी पुन्हा उभे केले होते.

इथे एक गंमत आहे. ही विद्या इंग्लंडला गेली ती पुण्यातून. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ती हकीकत चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून तिथल्या सर्जनांनी प्रयोग सुरू केले. दीडशे वर्षांनंतर एक पारशी डॉक्टर तेच शास्त्र शिकून परत आला आणि कामाला लागला, तेही पुण्याजवळच.

कोंढव्याला कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल होतं. अंतिया तिथे जायला लागले. काळ पन्नाशीच्या दशकाचा. डॅप्सोन हे औषध तोवर आलेलं होतं, त्यामुळे जंतू मरायचे. पण बरा झालेला माणूस घरी जाऊ शकत नव्हता, कारण त्याचा हात, त्याचा चेहरा त्याचा आजार सगळ्यांना सांगत राहायचा.

कुष्ठरोगात बोटं झडतात, असं आजही अनेकांना वाटतं. तसं होत नाही. या रोगाच्या जंतूंना शरीराचा थंड भाग आवडतो. कातडीजवळून जाणाऱ्या नसा थंड असतात, म्हणून ते तिथे मुक्काम करतात. कोपर भिंतीवर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी येते ना, ती नस या रोगाची सगळ्यात आवडती. ती निकामी झाली की दोन गोष्टी घडतात. एक, हात बधिर होतो. तव्यावर बोट भाजतंय हे कळत नाही, जखम चिघळते आणि बोट हळूहळू झिजत जातं. दुसरं, तळहाताच्या आतले बारीक स्नायू बंद पडतात. मग बोटं मुळापाशी मागे ओढली जातात आणि पुढून आकडीसारखी वळतात. अशा हाताने पेला धरता येत नाही की सदऱ्याचं बटण लावता येत नाही.

पण हाताच्या पुढच्या भागातले, म्हणजे मनगट ते कोपर यांमधले बरेचसे स्नायू शाबूत असतात. सर्जनची सगळी युक्ती इथेच आहे.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. अंगठा सोडला तर प्रत्येक बोट वाकवायला अशा दोन दोऱ्या असतात, एक वरवरची, एक खोलवरची. एक गेली तरी बोट वाकतं. म्हणून सर्जन मधल्या किंवा अनामिकेच्या बोटाची वरची दोरी सोडवतो, तिच्या चार पट्ट्या करतो आणि त्या चारही बोटांच्या कडेला नेऊन शिवतो. काही आठवडे प्लास्टर. नंतर खरी मेहनत पेशंटची. मेंदूला वाटत असतं की ही दोरी एकाच बोटाची आहे, आणि आता तिच्यावर चार बोटांचा कारभार आलेला असतो. हे नवं गणित शिकायला रोज तासन् तास व्यायाम करावा लागतो.

पायाचंही तसंच. घोट्याच्या आतल्या बाजूची दोरी पुढे वळवली की लोंबणारं पाऊल पुन्हा उचललं जातं. डोळ्याचा उपाय तर ऐकूनच चकित व्हायला होतं. कानशिलावरचा जो स्नायू आपण घास चावताना वापरतो, त्याची पट्टी पापण्यांमध्ये ओवायची. मग दात आवळले की डोळा मिटतो. पेशंटला दिवसभर आठवणीने दात आवळायची सवय लावावी लागते, नाहीतर बुबुळ कोरडं पडून दृष्टी जाते.

हे सगळं एकट्या अंतियांनी शोधलं असं नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चाळीशीच्या दशकातच कुष्ठरोग्यांच्या हातावर अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या होत्या. अंतियांचा हात विशेष चालला तो चेहऱ्यावर. खचलेलं नाक आतून उचलण्याची गिलीज यांची पद्धत त्यांनी या पेशंटवर वापरली. चेहऱ्याच्या पुनर्रचनेवरचा त्यांचा मोठा निबंध १९६३ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात छापून आला. कानाची तुटलेली कड जोडण्याची त्यांची १९६७ ची पद्धत तर आजही जगभरचे प्लास्टिक सर्जन अंतिया-बूच या नावाने ओळखतात.

जे.जे. हॉस्पिटलात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. टाटांच्या देणगीमुळे त्याला टाटा विभाग म्हणायचे. तिथे त्यांनी एक हट्ट धरला. कुष्ठरोग्याला वेगळ्या आश्रमात पाठवायचं नाही, त्याला भाजलेल्या, अपघात झालेल्या बाकीच्या पेशंटच्या शेजारीच खाट द्यायची. आज ही साधी गोष्ट वाटते. पण ज्या देशात कुष्ठरोग्यांना डांबायचा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत कागदावर जिवंत होता, तिथे तेव्हा हे करणं म्हणजे सहकाऱ्यांशी आणि कर्मचाऱ्यांशी रोजची हुज्जतच असणार.

मोठा सर्जन, मोठं हॉस्पिटल, परदेशात नाव. गोष्ट इथेही संपू शकली असती.

अडचण अशी होती की टेंडन हलवल्याने पकड परत यायची, स्पर्श नाही. सरळ झालेली बोटं पुन्हा तव्यावर भाजायची. शिवाय एका हाताला काही तासांचं ऑपरेशन आणि काही महिन्यांचा व्यायाम लागत असे, आणि रांग संपतच नव्हती. ताज्या जखमेत तुटलेली नस नीट जोडली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कुष्ठरोगात नस आतूनच व्रणाने भरून जाते, तिला वाढायला वाटच उरत नाही. नस वाचवायची असेल तर ती मरायच्या आधीच गाठायला हवी.

म्हणजे कधी? अंगावर एक फिकट चट्टा उठतो, तिथे पिसाचा किंवा कापसाचा स्पर्श कळत नाही, तेव्हा. तो चट्टा ओळखायला एफआरसीएस लागत नाही. चट्टा दाखवणाऱ्या माणसाच्या ओळखीचं, त्याच गावातलं कुणीतरी लागतं.

अंतियांनी दोन वाटा एकदम धरल्या. १९७५ मध्ये मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली, कुष्ठरोगात नस नेमकी कशी मरते याचा प्रयोगशाळेत अभ्यास करायला. दुसरी संस्था त्याच सुमाराची, फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ. हिचं काम गावात होतं, आणि तिच्या कामाची सुरुवात मांडव्यात आधीच झालेली होती.

तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ चं. समोर पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे दिसायचे, देशातली सगळ्यात मोठी हॉस्पिटलं त्या दिव्यांखालीच होती. पण रात्री बाळंतीण अडली की लाँच बंद, आणि रस्त्याने मुंबई म्हणजे शंभर किलोमीटर. आगरी, कोळी, कातकरी वस्त्यांना जे.जे. दिसत होतं, उपयोगाचं नव्हतं.

सुमारे ३० हजार लोकवस्तीच्या या भागात गावोगावच्या तीसेक बायका निवडल्या गेल्या. म्हणजे साधारण हजार माणसांमागे एक. कुणी चार इयत्ता शिकलेली, कुणी शाळेचं तोंडही न पाहिलेली. त्यांना जुजबी मानधन होतं. घरचं काम, शेतीची कामं सांभाळून त्या आठवड्यातून एकदा शिकायला येत. खोकला किती दिवस आहे ते विचारायचं, क्षयाचा संशय आला तर तपासणीला पाठवायचं, खरूज बरी करायची, गरोदर बाईवर लक्ष ठेवायचं, लसीला मुलं गोळा करायची, कुटुंब नियोजनाचं बोलायचं आणि अंगावरचा चट्टा बघायचा.

चट्टा बघायला पुरुष आरोग्य सेवक आला तर बाई पदर हलवणार नाही. शेजारची सखू आली तर चुलीपाशी बसूनच काम होतं. इतकं ते सोपं होतं. लसीकरण वाढलं, कुटुंब नियोजन वाढलं, क्षय आणि कुष्ठरोगाचे पेशंट औषधावर टिकू लागले. मोठ्या सर्जनला जे ऑपरेशन टेबलावर जमलं नव्हतं, ते या बायका ओसरीवर करत होत्या.

असं काम करणारे अंतिया एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच हाताशी धरलं होतं. सरकारनेही १९७७ मध्ये गावोगाव आरोग्य रक्षक नेमायची योजना आणली, पण त्यात निवड झाली ती बहुतेक पुरुषांची. ती योजना हळूहळू विरून गेली.

मांडव्याचा शेवट मात्र कडू झाला. औषधं वाटणारी बाई गावाला चालते. पण तीच बाई सरकारी दवाखान्यातली नर्स का आली नाही, लस का संपली असं विचारू लागली की ती खटकते. स्थानिक राजकारण्यांचा विरोध वाढत गेला आणि दहाएक वर्षांनी अंतियांना तिथलं काम बंद करावं लागलं.

दुसऱ्या कुणी याचा अहवालही लिहिला नसता. अंतियांनी १९८८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडव्यावर लेख लिहिला आणि काय फसलं, का फसलं ते उघड मांडलं. त्यांच्या एकूण लिखाणातला हा बहुधा सगळ्यात उपयोगी मजकूर आहे. औषध, प्रशिक्षण, बायकांची कुवत, यातलं काहीच कमी पडलं नव्हतं. गावातली सत्ता कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न आडवा आला होता.

ते थांबले नाहीत. आरोग्य सर्वांसाठी या विषयावर आयसीएमआर आणि आयसीएसएसआर यांचा जो अहवाल १९८१ मध्ये आला, तो तयार करणाऱ्या गटात ते होते. पुढे पुरंदर तालुक्यात परिंचे इथे त्यांनी गावातल्या बायकांचं प्रशिक्षण नव्याने उभं केलं. त्यांच्या संस्थेने जळगाव जिल्ह्यात घरोघरी जाऊन लोकांचा औषधपाण्यावर खिशातून किती पैसा जातो याची पाहणी केली. सर्जन माणूस आता हिशेबात शिरला होता. खासगी दवाखान्यांच्या बिलांवर आणि आपल्याच व्यवसायावर ते इतकं सडकून बोलत की डॉक्टरांच्या सभांमध्ये त्यांची अडचणच व्हायची.

१९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २६ जून २००७ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले. त्यांचं आत्मचरित्र त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं.

त्यांच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी, २००५ मध्ये, केंद्र सरकारने आशा योजना आणली. हजार लोकवस्तीमागे एक, गावातलीच, बाईच. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. मानधन वाढावं म्हणून आशाताईंना आजही मोर्चे काढावे लागतात.

कुष्ठरोग संपला असं आपण समजतो, पण देशात अजूनही वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे पेशंट सापडतात. ते शोधणाऱ्या आशाताईसाठी राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमाने दर ठरवले. हातापायाला किंवा डोळ्याला व्यंग आलेला पेशंट आणला तर २०० रुपये. व्यंग यायच्या आधी, नुसत्या चट्ट्यावर ओळखून आणला तर २५०.