गुलाबराव महाराज: न बघता १३० हून अधिक ग्रंथ, आणि आपल्या खिशातला वाचक

आज नवीन फोनचा रिव्ह्यू नाही. आज आपल्या विदर्भातल्या एका माणसाबद्दल सांगतो, ज्यांनी आयुष्यात एकही अक्षर डोळ्यांनी पाहिलं नाही, पण १३० च्या वर ग्रंथ मागे ठेवले. प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज.

ते मला आठवले त्याचं कारण माझ्या घरातच आहे. दिवाळीत आमगावला गेलो होतो. माझ्या मोठ्या बाबांची नजर शुगरमुळे गेली. बँकेचा मेसेज आला की ते फोन हातात धरून ओसरीत बसतात. कोणी घरी आलं की वाचून घेतात. खात्यात किती पैसे आहेत, हे त्यांच्या आधी दुसऱ्याला कळतं.

माधानचा मुलगा

गुलाबराव मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीचा. घर शेतकऱ्याचं, गाव चांदूर बाजारजवळचं माधान. वर्षाचे व्हायच्या आतच त्यांची दृष्टी गेली. चार वर्षांचे असताना आई गेली आणि पुढची काही वर्षं ते आजीकडे वाढले.

आता त्या काळाचा विचार करा. लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी १८२४ मध्येच तयार केली होती, पण ती माधानपर्यंत कशी पोहोचणार? भारतातली पहिली अंधशाळा १८८७ मध्ये निघाली, तीही अमृतसरला. आपल्या भाषांसाठी सगळीकडे चालेल अशी भारती ब्रेल ठरली १९५१ मध्ये. म्हणजे गुलाबरावांच्या हातात एकही साधन नव्हतं.

मग ते वाचायचे कसे?

ऐकून. दुसऱ्याने ग्रंथ वाचायचा, त्यांनी तो ऐकून डोक्यात साठवायचा. मग स्वतः बोलायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं. या पद्धतीने त्यांनी मराठी, हिंदी आणि संस्कृतमध्ये रचना केली. ‘संप्रदाय सुरतरू’सारखा मोठा ग्रंथ असाच तयार झाला. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या मानत. भक्ती आणि अद्वैत यांचा मेळ घालणारं त्यांचं मधुराद्वैत आजही अभ्यासलं जातं. पण ते पोथ्यांपुरते थांबले नाहीत. डार्विन आणि स्पेन्सर यांचे विचारही त्यांनी समजून घेतले, त्यांच्याशी वाद घातला. नावंग नावाची स्वतःची एक भाषासुद्धा रचली.

२० सप्टेंबर १९१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय फक्त ३४. पुढे बाबाजी महाराज पंडित यांनी त्यांचं काम चालवलं.

त्यांच्याबद्दल चमत्काराच्या गोष्टी बऱ्याच सांगतात. मला इंजिनीअर म्हणून वेगळीच गोष्ट दिसते. बुद्धी त्यांची होतीच, पण तिच्यापर्यंत मजकूर पोहोचवणारे कान-तोंड-हात आजूबाजूला होते. वाचणारे होते, लिहिणारे होते. ते नसते तर ती बुद्धी माधानमध्येच राहिली असती आणि आपल्याला नावही कळलं नसतं.

आज तो वाचक खिशात आहे

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. स्क्रीनवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो, मराठीतसुद्धा. कीबोर्डवरचा माइक दाबून बोललं की तो लिहून घेतो. म्हणजे महाराजांचे वाचक आणि लेखनिक दोन्ही. गुगलचं लूकआउट ॲप कॅमेऱ्यातून छापील कागद वाचतं. रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप १ जानेवारी २०२० ला आलं, ते नोट किती रुपयांची आहे हे इंटरनेटशिवाय सांगतं. फक्त नोट खरी की खोटी, ते नाही सांगत.

मी मोठ्या बाबांच्या फोनवर टॉकबॅक सुरू केलं. दोन दिवस वैताग झाला, कारण एकदा टच केलं की फोन फक्त वाचतो आणि उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बँकेचा मेसेज स्वतः ऐकला, कानात इअरफोन घालून. काय ऐकलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग त्यांनी एक ॲप उघडलं. त्यातली एक स्क्रीन माझ्याच टीमने बनवलेली. बोट फिरवलं तर फोन म्हणतो बटण. पुढे पुन्हा बटण. कशाचं बटण, पत्ताच नाही. कारण बटणावर आम्ही नुसतं चित्र टाकलं आणि कोडमध्ये त्याचं नाव लिहायचं राहून गेलं. अँड्रॉइडमध्ये त्याला कंटेंट डिस्क्रिप्शन म्हणतात, एका ओळीचं काम आहे. ती ओळ मी लिहिली नव्हती. मोठे बाबा काही बोलले नाहीत, फोन माझ्याकडे दिला. पुन्हा तेच झालं, वाचायला दुसरा माणूस लागला.

सुट्टीवरून परत गेल्यावर पहिलं काम तेच केलं. आता कोणतीही स्क्रीन झाली की मी डोळे मिटून ती टॉकबॅकवर चालवून बघतो.

तुम्ही काय करू शकता?

सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. घरात कोणाला कमी दिसत असेल तर त्यांच्याजवळ बसून शिकवा, घाई करू नका. दोन बोटांनी स्क्रोल होतं, हे आधी सांगा. आणि कोडिंग शिकत असाल तर प्रत्येक बटणाला नाव द्या. गुलाबराव महाराजांना वाचून दाखवणारी माणसं मिळाली. बाकीच्यांसाठी ते काम आपल्या कोडला करायचं आहे.