डॉ. कोटणीस आणि त्याच युद्धातले दुसरे डॉक्टर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस म्हटले की व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट आठवतो. ते ज्या युद्धात गेले, ते युद्ध मात्र आपल्याकडे कुणाच्या फारसे लक्षात नाही.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. डॉक्टरकी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात झाली. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली आणि डिसेंबरात नानजिंग शहरात सैनिकांनी कत्तल व बलात्कारांचा कहर मांडला. चीनने मदत मागितली, तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते. बाकीचे चौघे पुढेमागे परतले. कोटणीस आले नाहीत.

उत्तर चीनच्या डोंगराळ भागात १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. पुढच्या वर्षी ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला दिले होते, ते कॅनडाचे सर्जन बेथ्यून बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन १९३९ मध्येच गेले होते. कोटणीसांनी तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केले. मुलाचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन.

याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. फिटवरचे फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होते, पण वेढ्यातल्या त्या भागात साधी औषधेही दुर्मिळ होती. लागोपाठ फिट येऊन माणूस मधे शुद्धीवरच आला नाही, तर जीव धोक्यात येतो. आज लासलगावात असा रुग्ण आला तर पहिले काम शिरेतून औषध देऊन फिट थांबवण्याचे. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले. वय ३२. मुलगा काही महिन्यांचा होता.

त्याच वर्षांत, त्याच देशात, हार्बिनजवळ पिंगफांगला जपानी लष्कराचे ‘युनिट ७३१’ चालू होते. त्याचा प्रमुख शिरो इशी हाही डॉक्टरच. तिथे कैद्यांना मुद्दाम प्लेग, कॉलरा, अँथ्रॅक्सची लागण करत आणि जिवंतपणी त्यांची चिरफाड करत. नाझी डॉक्टरांवर न्यूरेंबर्गला खटला चालला. वैद्यकीय नीतिशास्त्राचे धडे तिथूनच सुरू होतात. पिंगफांगचे नाव त्यांत क्वचितच येते, कारण अमेरिकेने प्रयोगांची माहिती घेऊन इशी आणि त्याच्या सहकाऱ्यांना अभय दिले. टोकियोच्या न्यायालयाने हे जंतुयुद्ध झाल्याचे मान्य केले ते २००२ मध्ये, तेही भरपाई नाकारूनच.

कोटणीसांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात, बेथ्यून यांच्या समाधीजवळ आहे. इशी १९५९ मध्ये टोकियोत घशाच्या कर्करोगाने वारला. त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.