डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मनुष्याची थोरवी केवळ त्याच्या यशावरून मोजावयाची असते, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत बराच रूढ आहे. हा समज किती अपुरा आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून ध्यानी येते, अशा एका शस्त्रवैद्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ साली कलकत्ता येथे झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले, आणि त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय हीच पुढे त्यांची कर्मभूमी ठरली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अधिक अध्ययन करून ते परत आले, व हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या शस्त्रक्रियेत त्यांनी मोठा लौकिक संपादन केला.

१९६५ च्या मे महिन्यात के. ई. एम. मध्ये एका मृत मनुष्याचे मूत्रपिंड रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आले. हिंदुस्थानातील हा पहिलाच प्रयत्न होय. रुग्ण अकराव्या दिवशी दगावला. फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी आशिया खंडातील पहिले हृदयारोपण केले. तोही रुग्ण थोड्याच तासांत मरण पावला. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पण यश आले नाही. १९६९ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. चित्रकला व काव्य यांचीही त्यांना आवड होती. १९८२ साली ते निवर्तले.

मग या परिश्रमांचे फळ काय? बीज पेरणाऱ्याच्याच हाती कापणी येते असे नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वी रीतीने बसविण्यात आले. १९९४ च्या कायद्याने मेंदूचा मृत्यू हा मृत्यूच मानला, आणि मृत दात्यांचे अवयव घेणे सुकर झाले. आज महाराष्ट्रात अवयवांचे वाटप पाहणाऱ्या चार विभागीय समित्यांपैकी एक आमच्या छत्रपती संभाजीनगरात आहे.

तथापि एक अडचण अद्याप उरलीच आहे. मूत्रपिंड एका देहातून निघून दुसऱ्यात बसेपर्यंत रक्तावाचून राहते, आणि रक्त पुन्हा सुरू होताच त्यास इजा पोहोचते. शिवाय मेंदू मृत झाला म्हणजे शरीरातील अनेक ग्रंथिरसांचा, म्हणजे हार्मोनांचा, पुरवठा खुंटतो. म्हणून अवयव काढण्यापूर्वी दात्यास ते बाहेरून देण्याची चाल आहे. परंतु एकच औषध स्त्री व पुरुष या दोघांच्या मूत्रपिंडास सारखेच मानवेल काय? सेन जेथे शिकले, त्याच पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी २०१६ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. रक्तावाचून झालेली इजा माद्यांनी नरांपेक्षा अधिक चांगली सोसली. आणि इस्ट्रोजेन हा स्त्रीरस दिला असता माद्यांस लाभ झाला, नरांस झाला नाही. उंदरास लागू पडले ते माणसास लागू पडेलच असे नव्हे. परंतु सर्वांस एकच मात्रा देण्यापूर्वी वैद्याने थांबून विचार करावा, एवढे यावरून निश्चित कळते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक आहे, आणि ते घेणाऱ्यांत पुरुषांची. आई मुलास देते, पत्नी पतीस देते; तिला गरज पडते तेव्हा मात्र देणारा सहसा पुढे येत नाही. मृत दात्यांची संख्या वाढली, तर घरातील स्त्रीवरील हा भार हलका होईल. पालकांनी या गोष्टीचा घरी, मुलांच्या देखत, विचार करावा अशी आमची विनंती आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, शास्त्रविषयाचा तास कंटाळवाणा वाटेल, तेव्हा त्या अकरा दिवसांची आठवण ठेवा. ते व्यर्थ गेले नाहीत. त्यांतून निघालेले प्रश्न सोडविण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे.