इंग्लंडचा हप्ता बंद केला आणि देशाची अख्खी बाजारपेठ पणाला लावली : एमन डी व्हॅलेरांची गोष्ट

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं कुठून घेतली? डोळे न उघडता उत्तर येईल, आयर्लंडकडून.

पण आयर्लंडची ती १९३७ ची राज्यघटना ज्यांनी घडवली, त्यांचं नाव मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

एमन डी व्हॅलेरा.

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं तेव्हा जगभर एकच चर्चा होती. शेजारच्या मोठ्या बाजारपेठेशी फारकत घेतली, तर त्याची किंमत कोण मोजतं? हाच प्रश्न आयर्लंडने १९३२ मध्ये अंगावर घेतला होता. तेव्हा बाजारपेठ होती ब्रिटनची आणि निर्णय होता डी व्हॅलेरांचा.

१४ ऑक्टोबर १८८२ ला त्यांचा जन्म झाला तो न्यूयॉर्कमध्ये. आई आयरिश, वडील स्पॅनिश वंशाचे. वडील लवकर गेले. आईला पोट भरायला काम करणं भाग होतं, म्हणून दोन-अडीच वर्षांच्या पोराला तिने आयर्लंडला माहेरी पाठवलं. लिमरिक परगण्यातल्या ब्रुरी गावात, शेतमजुराच्या लहानशा घरात आजी आणि मामाने त्याला वाढवलं. पोरगं हुशार निघालं, स्कॉलरशिपवर शिकलं आणि गणिताचा मास्तर झालं.

पुढे आयरिश भाषेच्या चळवळीतून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत आले. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनला बंड झालं, त्यात एका तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. बंड फसलं. बहुतेक म्होरक्यांना गोळ्या घातल्या गेल्या. डी व्हॅलेरांनाही मृत्युदंड झाला होता, पण तो जन्मठेपेत बदलला आणि ते वाचले. १९१९ मध्ये इंग्लंडच्या लिंकन तुरुंगातून बनावट चावीने पळून जायचा पराक्रमही त्यांच्या नावावर आहे.

१९२१ मध्ये ब्रिटनशी करार झाला. आयर्लंडला अर्धंमुर्धं स्वातंत्र्य मिळालं, पण राजाशी निष्ठेची शपथ कायम राहिली. डी व्हॅलेरांनी करार नाकारला. कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले, यादवी झाली आणि त्यात त्यांची बाजू हरली. १९२६ मध्ये त्यांनी फिआना फॉल हा नवा पक्ष काढला आणि मार्च १९३२ मध्ये सत्तेवर आले.

आता मुद्द्याचं.

आयर्लंडमधली जमीन पूर्वी बड्या जमीनदारांची आणि कसणारी सगळी कुळं. १९ व्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारने कुळांना कर्ज देऊन जमिनी विकत घ्यायला मदत केली. त्या कर्जाचे हप्ते शेतकरी वर्षानुवर्षं भरत होते. देश वेगळा झाल्यावरही डब्लिनचं सरकार ते गोळा करून लंडनला पाठवायचं. वर्षाला साधारण ३० लाख पौंड.

डी व्हॅलेरांचं म्हणणं सरळ होतं. जमीन मुळात आमचीच, ती परत घ्यायला आम्ही पैसे का मोजायचे? सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी हप्ता थांबवला.

ब्रिटन गप्प बसणार नव्हतंच. जुलै १९३२ मध्ये आयर्लंडहून येणाऱ्या गुरांवर आणि शेतमालावर २० टक्के जकात बसली. पुढे ती वाढत गेली, वर किती गुरं येऊ द्यायची यावर कोटाही लागला. आयर्लंडनेही ब्रिटिश कोळसा, सिमेंट, लोखंड अशा मालावर जकात लावली.

योगायोग असा की त्याच सुमाराला कॅनडातल्या ओटावा शहरात साम्राज्यातले देश जमले होते. महामंदीचा काळ होता. बाहेरच्या मालावर जकात लावायची आणि आपापसात सवलत द्यायची असं ठरत होतं. भारताच्या वतीनेही तिथे ब्रिटनशी करार झाला. आयर्लंडचं शिष्टमंडळ मात्र ब्रिटनशी करार न करताच घरी परतलं.

आता आयर्लंडचं गणित बघा. निर्यातीतला ९० टक्क्यांहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला, म्हणजे ब्रिटनला जायचा. त्यात मुख्य माल म्हणजे जिवंत गुरं. ती लाख-दोन लाख माणसांच्या गावात खपणारी नव्हती. बोटीत चढवून पलीकडे नेली तरच पैसा.

१९३१ मध्ये सुमारे ३.६ कोटी पौंडांची असलेली निर्यात १९३४ पर्यंत निम्म्यावर आली. त्यात मंदीचा वाटा होताच, पण जकातीचा घाव मोठा होता. गुरांचे भाव इतके पडले की वासरू पोसणंही परवडेना. सरकारने वासरांच्या कातड्यावर बक्षीस लावलं आणि शेतकऱ्यांनी लाखोंच्या घरात वासरं मारली. उरलेलं मांस गरिबांना फुकट वाटायची योजना निघाली.

खरी गोम इथेच आहे.

ब्रिटनने जकात लावली होती ती बुडालेला हप्ता वसूल करायला. ती भरायची कुणी? कागदावर व्यापाऱ्याने. पण व्यापारी तेवढे पैसे गुराच्या भावातून कापून घ्यायचा. म्हणजे हप्ता लंडनला पोचतच होता, फक्त आता तो थेट गोठ्यातून जात होता. शिवाय डब्लिनच्या सरकारने शेतकऱ्याचा हप्ता निम्मा केला, पूर्ण माफ केला नाही. ती निम्मी रक्कम आता डब्लिनच्या तिजोरीत जमा व्हायची. मोठ्या गुरंवाल्या शेतकऱ्याला तोच हप्ता दोनदा बसला. अनेकांनी भरायला नकार दिला. जप्त्या झाल्या, गुरांचे लिलाव झाले, मारामाऱ्या झाल्या.

मग डी व्हॅलेरा निवडणूक हरले असतील? उलट १९३३ मध्ये आणखी जागा घेऊन आले.

कारण सगळ्यांचं नुकसान होत नव्हतं. बाहेरचा माल महागला तसे देशात कारखाने उभे राहिले. बूट, कपडे, सिमेंट, साखर. उद्योगमंत्री शॉन लेमास यांनी यात जीव ओतला. गव्हाखालची जमीन कित्येक पटींनी वाढली. शहरात हजारो नव्या नोकऱ्या आल्या. शिवाय साहेबाला नडलो याचं समाधान होतं, त्याची किंमत पौंडात काढता येत नाही.

१९३५ पासून ताण थोडा सैल झाला. ब्रिटनने जास्त गुरं घ्यायची आणि आयर्लंडने ब्रिटिश कोळसा घ्यायचा असा सौदा झाला. एप्रिल १९३८ मध्ये भांडण मिटलं. आयर्लंडने एकरकमी १ कोटी पौंड दिले आणि हप्त्याचा विषय कायमचा संपला. ब्रिटनच्या ताब्यातली तीन बंदरंही परत मिळाली. त्यामुळेच दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडला तटस्थ राहता आलं. राजकारण म्हणून पाहिलं तर डी व्हॅलेरा जिंकले.

पण अर्थकारण?

सहा वर्षांच्या भांडणानंतर १९३८ मध्येही आयर्लंडची ९० टक्क्यांहून जास्त निर्यात ब्रिटनलाच जात होती. आयरिश पौंडही ब्रिटिश पौंडाला बांधलेलाच राहिला. गिऱ्हाइकाशी भांडण झालं, नवं गिऱ्हाईक मात्र मिळालं नाही. जकातीच्या भिंतीआड वाढलेले कारखाने छोट्याशा देशापुरतेच राहिले. १९५० च्या दशकात सुमारे ४ लाख लोक पोटासाठी देश सोडून गेले, आणि त्यातले बहुतेक गेले ब्रिटनलाच.

१९५९ मध्ये डी व्हॅलेरा पंतप्रधानपद सोडून राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या जागी आले तेच लेमास, ज्यांनी भिंती उभ्या केल्या होत्या. आता त्यांनीच त्या उतरवायला घेतल्या. परदेशी कंपन्यांना बोलावलं आणि १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार केला.

१ जानेवारी १९७३ ला आयर्लंड युरोपियन आर्थिक समुदायात गेला. आदल्या वर्षी सार्वमतात ८३ टक्के लोकांनी होकार दिला होता. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदावर कोण होतं? नव्वदीतले, दृष्टी जवळपास गेलेले डी व्हॅलेरा.

युरोपची दारं उघडल्यावर ब्रिटनवरचं अवलंबित्व खऱ्या अर्थाने कमी होत गेलं. जे काम जकातीला जमलं नाही, ते नव्या गिऱ्हाइकांनी केलं. २९ ऑगस्ट १९७५ ला डी व्हॅलेरा गेले, तोवर याची नुकती कुठे सुरुवात झाली होती.

म्हणून एखादा देश व्यापारी गटातून बाहेर पडल्याची बातमी आली, की दोन गोष्टी बघायच्या. उद्यापासून माल कुणाला विकणार? आणि तोवरचं बिल कुणाच्या गोठ्यातून जाणार?