कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि त्यांचा कॅमेरा

उंची कॅमेरा आणि स्वस्त कॅमेरा यांची बाजारातील चढाओढ आजकालची नव्हे. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा २५ डॉलरांस विक्रीस आणला आणि १९०० साली त्यांच्याच कंपनीने ब्राउनी नावाचा साधा कॅमेरा अवघ्या एका डॉलरास देऊ केला. चलच्चित्रांच्या कॅमेऱ्यांतही हीच तऱ्हा होती. इंग्लंडच्या विल्यमसनचा कॅमेरा लाकडी पेटीचा असे, तर शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीचा संपूर्ण धातूचा, अतिशय बिनचूक व तितकाच महाग. परंतु ज्यांस यांतील कोणताही कॅमेरा सहज परवडण्याजोगा नव्हता, अशा एका कारागिराने या प्रश्नाचा निकाल निराळ्याच रीतीने लावला. त्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कुशल कारागीर असल्यामुळे हत्यारांची ओळख त्यांस घरातच झाली. शालेय शिक्षण फारसे झाले नाही; तथापि नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात त्यांनी व त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव यांनी असा लौकिक मिळविला की, मिस्त्री हे आडनाव मागे पडून लोक त्यांस पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. फाळके यांनी आपला विल्यमसन कॅमेरा लंडनहून आणला होता. आपणही चित्रपट काढावा, असे या बंधूंच्या मनाने घेतले. पण विलायती यंत्राची किंमत भारी. तेव्हा कॅमेरा आपणच घडवावयाचा, असे त्यांनी ठरविले. हे काम किती नाजूक, ते विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. मूकपटाच्या कॅमेऱ्यात एका सेकंदात सुमारे सोळा चित्रे घ्यावी लागत. प्रत्येक चित्रासाठी फिल्म क्षणभर स्थिर राहावी, मग झडप मिटावी, आणि तेवढ्या अवधीत दात्याने फिल्म नेमकी पुढे ओढावी. यात केसभर चूक झाली तरी पडद्यावर ती कितीतरी पटीने मोठी दिसते.

दुर्दैवाने १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी मात्र हाती घेतलेले काम टाकले नाही. चित्रे दाखविण्याच्या यंत्रातही फिल्म अशीच थांबत थांबत पुढे सरकते. त्या यंत्राच्या परिचयाचा त्यांस उपयोग झाला, आणि विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी कॅमेरा सिद्ध केला. तत्पूर्वीच, १९१७ साली, महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली होती. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला द्रव्यसाहाय्य केले. १९२० साली 'सैरंध्री' पुण्यास झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे १९२५ साली आलेल्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जापायी जमिनीस मुकलेल्या शेतकऱ्याची दैना पडद्यावर मांडली. कोरडवाहू शेतीवर पोट असणाऱ्या आमच्या भोकरकडील पालकांस तिचे मर्म समजावून सांगावयास नको.

दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९२९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची स्वतःची कंपनी मात्र बोलपटांच्या आरंभकाळात बंद पडली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

महाग यंत्र निरर्थक असते, असे या चरित्रावरून कोणी समजू नये. उत्तम भिंग व बिनचूक घडण यांस मोल पडतेच, आणि ज्याचा उदरनिर्वाह त्यावर चालतो त्याने ते अवश्य द्यावे. परंतु अमुक कंपनीचा कॅमेरा मिळाल्यावाचून चित्र काढावयाचेच नाही, असा हट्ट जेव्हा मुले घरी धरतात, तेव्हा आईबापांच्या मिळकतीवर ओझे पडते आणि शिकण्याचा काळही हातचा जातो. बाबूरावांनी चित्र कसे रंगवावे, प्रकाश कोठून यावा, यंत्र कसे चालते, हे आधी शिकून घेतले. कॅमेरा मागाहून आला. आमच्या विद्यार्थ्यांनीही हाच क्रम धरावा. हाती जे साधे साधन असेल त्याचे सर्व गुणदोष आधी जाणून घ्यावे; मग अधिक चांगल्याची गरज खरोखर आहे की केवळ नावाचा मोह आहे, हे त्यांचे त्यांनाच कळून येईल.